रोग दिसण्यापूर्वी त्याचा शोध : इलिनॉय विद्यापीठातील साथ-नियंत्रणाचा अनुभव

द्राक्षाच्या पानावर केवड्याचा पहिला डाग ज्या दिवशी दिसतो, त्या दिवशी तो रोग बागेत आलेला नसतो. तो काही दिवस आधीच येऊन पानाच्या आत गुपचूप वाढत असतो. म्हणून जाणता बागाईतदार डागाची वाट पाहत बसत नाही. पाऊस, दव आणि ढगाळ हवा यांवर नजर ठेवून तो आधीच उपाय योजतो. रोग दिसल्यावर धावाधाव करणारा शेतकरी आणि रोग दिसण्यापूर्वी त्याचा माग काढणारा शेतकरी यांच्या उत्पन्नात किती अंतर पडते, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

२०२० साली जगभर पसरलेल्या कोविड-१९ या साथीच्या बाबतीत हेच तत्त्व अधिक कठोरपणे लागू पडले. केवडा निदान डाग उमटून त्यावर पांढरी बुरशी धरल्यानंतर पसरतो. कोविडचा विषाणू मात्र माणसाला ताप किंवा खोकला येण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना लागू शकतो आणि कित्येकांना तर शेवटपर्यंत काहीच त्रास होत नाही. असा मनुष्य धडधाकट दिसतो, कामावर जातो, पंक्तीला बसतो आणि नकळत रोग वाटत फिरतो. आजारी माणसे तेवढी निवडून बाजूला काढण्याची जुनी रीत येथे अपुरी पडली. निरोगी दिसणाऱ्यांचीच वारंवार परीक्षा करणे, हा एक मार्ग उरला.

हा मार्ग मोठ्या प्रमाणावर आणि शिस्तीने चोखाळणाऱ्या संस्थांमध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे नाव आघाडीवर आहे. तेथे काय करण्यात आले, कोठे चूक झाली आणि ती कशी सुधारण्यात आली, हे समजून घेणे गावपातळीवर काम करणाऱ्यांनाही उपयुक्त ठरेल. वसतिगृह, आश्रमशाळा, साखर कारखान्याच्या ऊसतोडणी कामगारांचा तळ किंवा गुरांचा गोठा, जेथे म्हणून अनेक जीव दाटीने राहतात, तेथे साथीचे गणित सारखेच असते.

मक्याच्या शेतांतील विद्यापीठ

इलिनॉय विद्यापीठ आपल्या देशातील कृषिशिक्षणाच्या क्षेत्राला अपरिचित नाही. १९६० साली पंतनगर येथे भारतातील पहिले कृषि विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या आखणीत व उभारणीत या विद्यापीठाचे साहाय्य लाभले होते. शेती व यंत्रविद्या यांच्या शिक्षणासाठी राज्यांना जमिनी देण्याचा जो कायदा अमेरिकेने १८६२ साली केला, त्यातून १८६७ साली हे विद्यापीठ जन्मास आले. अर्बाना व शँपेन या जुळ्या गावांत ते वसले आहे. भोवताली मैलोगणती मका आणि सोयाबीन यांची शेते आहेत. विद्यापीठाच्या आवारातच १८७६ साली सुरू झालेले मक्याचे प्रयोगक्षेत्र आहे. त्याच्यावर सावली पडू नये म्हणून लगतचे ग्रंथालय जमिनीखाली बांधण्यात आले. पिकाच्या एका तुकड्याची इतकी काळजी वाहणारी ही संस्था आहे.

या विद्यापीठात २०२० साली सुमारे ५२ हजार विद्यार्थ्यांची नोंद होती. ज्या शँपेन जिल्ह्यात ते आहे, त्याची सारी लोकसंख्या सुमारे दोन लाख. विद्यार्थी बहुधा तरुण, म्हणून त्यांच्या जिवाला धोका कमी. परंतु गावातील दुकानदार, वसतिगृहातील स्वयंपाकी, सफाई कामगार, वयस्कर अध्यापक आणि त्यांच्या घरातील वृद्ध मंडळी यांचे तसे नव्हते. विद्यापीठ उघडावे तर रोग गावात शिरण्याचे भय आणि बंद ठेवावे तर शिक्षण व गावाची रोजी बुडण्याचे भय, असा हा पेच होता. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांनी वर्ग बंद करून शिक्षण दूरध्वनी व संगणक यांच्या साहाय्याने चालू ठेवले होते. ऑगस्टमध्ये नवे सत्र सुरू होताना काय करावे, याचा निर्णय प्रत्येक विद्यापीठाला घ्यावयाचा होता.

तपासणीशिवाय उघडण्याचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण लवकरच पुढे आले. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या आगमनाच्या वेळी सर्वांची चाचणी आवश्यक केली नव्हती. तेथे १० ऑगस्ट २०२० रोजी वर्ग सुरू झाले. पहिल्या आठवड्यात ज्यांची चाचणी झाली, त्यांपैकी १३.६ टक्के बाधित निघाले आणि १७ ऑगस्ट रोजी पदवीपूर्व विद्यार्थ्यांचे समोरासमोरचे वर्ग बंद करण्याचे जाहीर करावे लागले. आठ दिवसांत सत्राची घडी विस्कटली. रोग वसतिगृहात बाहेरून आला होता, परंतु तो दिसला तेव्हा त्याने खोल्याखोल्यांत मूळ धरले होते.

लाळेची परीक्षा

इलिनॉय विद्यापीठाने वेगळा विचार केला. सर्वांची चाचणी करावयाची, एकदाच नव्हे तर दर आठवड्यास दोनदा करावयाची, असे तेथे ठरले. परंतु त्यात मोठी अडचण होती. त्या वेळी प्रचलित असलेल्या चाचणीत नाकात खोलवर काडी घालून नमुना घ्यावा लागे. त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागे. नंतर त्या नमुन्यातून विषाणूचे जनुकीय द्रव्य वेगळे काढण्यासाठी विशिष्ट रसायने लागत आणि २०२० साली त्या रसायनांचा सर्वत्र तुटवडा होता. रोज हजारो माणसांची परीक्षा या रीतीने होणे शक्य नव्हते.

विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन बर्क, पॉल हर्गेनरोदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा तोडगा काढला. विद्यार्थ्याने स्वतःच एका नळीत थोडी लाळ सोडावयाची. ती बंद नळी ९५ अंश सेल्सिअस उष्णतेत ३० मिनिटे ठेवावयाची. या उष्णतेने विषाणू निकामी होतो, त्यामुळे पुढे काम करणाऱ्यांना धोका उरत नाही. शिवाय त्याचे कवच फुटून आतील जनुकीय द्रव्य बाहेर पडते, त्यामुळे ते वेगळे काढण्याची पायरीच गळते. त्यानंतर पी.सी.आर. या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे त्या द्रव्याच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती तयार करून, विषाणू आहे की नाही ते पाहावयाचे.

हे काम कोठे चालले, हे पशुपालकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. ते विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील पशुरोग निदान प्रयोगशाळेत उभे करण्यात आले. गाई, डुकरे, कोंबड्या यांच्या कळपांतून येणारे शेकडो नमुने एकाच वेळी हाताळण्याची, त्यांच्यावर खुणा करण्याची व निकाल वेळेवर कळविण्याची सवय अशा प्रयोगशाळांना असते. माणसाचा डॉक्टर एका वेळी एका रोग्याचा विचार करतो, पशुवैद्य कळपाचा विचार करतो. साथीच्या काळी विद्यापीठाला ही कळपाची दृष्टीच उपयोगी पडली.

आवारात ठिकठिकाणी तंबू उभारून नमुने घेण्याची केंद्रे उघडण्यात आली. विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी सर्वांना चाचणी आवश्यक होती. निकाल भ्रमणध्वनीवर कळे. चाचणी वेळेवर झाली असून ती निर्दोष आहे अशी खूण भ्रमणध्वनीवर दाखविल्याशिवाय विद्यापीठाच्या इमारतीत प्रवेश मिळत नसे. सत्र सुरू झाल्यावर दिवसाला दहा हजारांहून अधिक चाचण्या होऊ लागल्या.

अचूकतेपेक्षा वारंवारता

आठवड्यातून दोनदा कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. एकदाच पण अगदी अचूक चाचणी केली तर भागणार नाही काय? येल विद्यापीठातील डेव्हिड पाल्टिएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती अभ्यासात या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. दहा बाधितांपैकी केवळ सातांना पकडणारी, परंतु स्वस्त व झटपट चाचणी दर दोन दिवसांनी केल्यास वसतिगृहातील साथ आटोक्यात राहू शकते, असे त्यांच्या हिशेबातून दिसून आले. चाचणी किती अचूक आहे यापेक्षा ती किती वेळा होते याला त्यांनी अधिक महत्त्व दिले.

याचे कारण साध्या हिशेबाने समजते. पहिल्या चाचणीत दहांपैकी सात बाधित सापडले. उरलेल्या तिघांपैकी दोघे दुसऱ्या चाचणीत सापडतील असे धरले, तर दोन फेऱ्यांत दहांपैकी नऊ माणसे हाती लागतात. उलट अत्यंत अचूक चाचणी महिन्यातून एकदाच केली, तर चाचणीच्या दुसऱ्या दिवशी ज्याला लागण झाली तो मनुष्य पुढील महिनाभर मोकळा फिरेल. शेतात कीड पाहण्यासाठी महिन्यातून एकदा भिंग घेऊन जाणाऱ्यापेक्षा दर तीन दिवसांनी नुसत्या डोळ्यांनी फेरी मारणारा शेतकरी अधिक कीड वेळेवर पकडतो. तोच हा न्याय आहे.

निकाल किती लवकर मिळतो, यालाही तेवढेच महत्त्व आहे. सोमवारी दिलेल्या नमुन्याचा निकाल शुक्रवारी मिळाला, तर मधल्या चार दिवसांत रोग पसरलाच. त्यामुळे निकाल एका दिवसाच्या आत देण्यावर इलिनॉयमध्ये भर होता.

जेथे हिशेब चुकला

२४ ऑगस्ट २०२० रोजी वर्ग सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत बाधितांची संख्या अपेक्षेपेक्षा भराभर वाढू लागली. इतकी चोख चाचणी असता असे का व्हावे? विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लॉव्ह यांनी साथीचा गणिती अंदाज आधीच बांधला होता. तरुण मुले मेजवान्या करणार, एकत्र जमणार, हे त्यांनी त्या हिशेबात गृहीत धरले होते. जे गृहीत धरले नव्हते, ते प्रत्यक्षात घडले. आपण बाधित आहोत असे कळल्यानंतरही काही विद्यार्थी वेगळे राहिले नाहीत. काहींनी मेजवान्यांना हजेरी लावली. काहींनी आरोग्य खात्याकडून आलेले दूरध्वनी घेतलेच नाहीत.

चाचणीने आपले काम बिनचूक केले होते. दोष चाचणीनंतरच्या वाटचालीत होता. माती परीक्षणाचा अहवाल घरी आणून फळीवर ठेवला आणि खताची मात्रा पूर्वीचीच दिली, तर परीक्षणाचा उपयोग काय? बाधिताला बाजूला करणे, त्याच्या सहवासात आलेल्यांना सावध करणे आणि त्यांचीही परीक्षा करणे, ही पुढची पावले तत्काळ पडली नाहीत तर लाखो चाचण्याही निष्फळ ठरतात.

विद्यापीठाने हे झाकून ठेवले नाही. २ सप्टेंबर रोजी कुलगुरू रॉबर्ट जोन्स यांनी पदवीपूर्व विद्यार्थ्यांवर दोन आठवड्यांचे निर्बंध जाहीर केले. वर्ग, चाचणी, अन्नपाणी, नोकरी, उपासना यांसारख्या आवश्यक कारणांखेरीज बाहेर पडू नये, असा आदेश निघाला. नियम मोडणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई झाली व काहींना विद्यापीठातून तात्पुरते काढून टाकण्यात आले. परंतु केवळ दंडाने काम भागत नाही, हेही ओळखून विद्यापीठाने स्वतःचे एक पथक उभारले. निकाल हाती आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत बाधित व्यक्तीशी संपर्क साधून तिला वेगळे राहण्यास साहाय्य करावयाचे, हे त्या पथकाचे उद्दिष्ट होते. पथकाच्या नावातच या ३० मिनिटांचा उल्लेख होता. ज्या गटांत रोग अधिक आढळला, त्यांच्या चाचण्या वाढविण्यात आल्या. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बाधितांचे प्रमाण खाली आले आणि विद्यापीठ चालू राहिले.

या सर्व प्रयत्नांचे फलित विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केले. २०२० च्या त्या एका सत्रात दहा लाखांहून अधिक चाचण्या करण्यात आल्या. बाधितांचे प्रमाण कमी राहिले. कोविडमुळे विद्यापीठ परिवारातील कोणालाही रुग्णालयात दाखल व्हावे लागले नाही व कोणाचा मृत्यूही ओढवला नाही. एवढेच नव्हे, तर भोवतालच्या शँपेन जिल्ह्यातील मृत्यूंचे प्रमाण अपेक्षित प्रमाणाच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी राहिल्याचे त्यांना आढळले. विद्यार्थ्यांच्या लाळेची परीक्षा गावातील वृद्धांच्या कामी आली, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

अनेक नमुन्यांची एकत्र परीक्षा

इलिनॉयप्रमाणेच न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठानेही आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयात चाचणीची प्रयोगशाळा उभी केली. तेथे पाच जणांचे नमुने एकत्र करून त्यांची एकच चाचणी घेण्यात येई. एकत्रित चाचणी निर्दोष निघाली की पाचही जण मोकळे. सदोष निघाली तरच त्या पाचांची वेगवेगळी परीक्षा करावयाची.

यात किती बचत होते ते पाहू. शंभर माणसांची वेगवेगळी चाचणी केल्यास शंभर चाचण्या लागतात. पाच-पाचांचे वीस गट केले आणि शंभरांत एकच मनुष्य बाधित असला, तर गटांच्या वीस आणि एका सदोष गटातील पाच, अशा एकूण पंचवीस चाचण्यांत काम होते. मात्र रोग फार पसरला असेल तर ही युक्ती उलटते. वीस माणसे बाधित असून ती वीस वेगवेगळ्या गटांत विखुरली असली, तर प्रत्येक गट सदोष निघेल आणि शंभराऐवजी एकशेवीस चाचण्या पडतील. तात्पर्य, रोग विरळ असतानाच ही पद्धत लाभदायक आहे. रॉबर्ट डॉर्फमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सैन्यात भरती होणाऱ्यांच्या रक्ततपासणीसाठी, ही कल्पना १९४३ साली मांडली होती.

दूध उत्पादकांना ही गोष्ट नवी वाटू नये. गुरांतील सांसर्गिक गर्भपाताचा शोध घेण्यासाठी कळपाच्या एकत्रित दुधाची परीक्षा करण्याची पद्धत पशुवैद्यकात फार पूर्वीपासून रूढ आहे. एकत्रित दुधात दोषाची खूण दिसली, तरच प्रत्येक जनावराची स्वतंत्र तपासणी करावयाची.

सांडपाण्याने दिलेली वर्दी

अॅरिझोना विद्यापीठाने आणखी एक मार्ग अवलंबिला. कोविडबाधित माणसाच्या विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर पडतात आणि अनेकदा लक्षणे दिसण्यापूर्वीच पडू लागतात. म्हणून प्रत्येक वसतिगृहाच्या सांडपाण्याचे नमुने नियमितपणे तपासण्याची व्यवस्था प्राध्यापक इयान पेपर यांच्या मार्गदर्शनाखाली करण्यात आली. ऑगस्ट २०२० मध्ये लायकिन्स नावाच्या वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणूचा अंश सापडला. तेथे राहणाऱ्या व काम करणाऱ्या ३११ जणांची ताबडतोब चाचणी करण्यात आली. त्यांत दोन बाधित निघाले आणि त्या दोघांनाही कसलाच त्रास होत नव्हता. त्यांना वेगळे ठेवण्यात आले.

हे दोघे चाचणीशिवाय राहिले असते, तर काही दिवसांत त्या इमारतीत किती जणांना लागण झाली असती, याची कल्पना करता येईल. शिवाय या पद्धतीत रोज प्रत्येकाला त्रास द्यावा लागत नाही. सांडपाणी कोणाचे नाव सांगत नाही, फक्त घर दाखविते. ज्या घरातून वर्दी येईल, त्या घराचीच पूर्ण परीक्षा करावयाची.

उपायाची मर्यादा

या सर्व उपायांना मर्यादा होती, हे सांगितल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. २०२१ साली लसी उपलब्ध झाल्या व अनेक विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना त्या आवश्यक केल्या. परंतु त्या वर्षाच्या अखेरीस ओमिक्रॉन या नावाचा, फार झपाट्याने पसरणारा प्रकार आला. कॉर्नेल विद्यापीठात परिसरातील ९७ टक्के लोकांचे लसीकरण पूर्ण झालेले असूनही ७ ते १३ डिसेंबर २०२१ या एका आठवड्यात ९०३ विद्यार्थी बाधित आढळले आणि १४ डिसेंबर रोजी परीक्षा दूरस्थ पद्धतीने घेण्याचा व ग्रंथालयासह अनेक जागा बंद करण्याचा निर्णय झाला. तथापि, त्या वेळेपर्यंत त्या विद्यार्थ्यांमध्ये गंभीर आजार दिसून आला नव्हता, असे विद्यापीठाने कळविले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, शोधाचा वेग रोगाच्या वेगापेक्षा अधिक असेल तोवरच शोध उपयोगी पडतो. दुसरी म्हणजे, शोध आणि संरक्षण या एकमेकींना पर्याय असलेल्या गोष्टी नाहीत. रोगप्रतिकारक वाण पेरला म्हणून शेताची फेरी थांबवावी असे नाही आणि फेरी मारतो म्हणून साधे वाण पेरावे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि, साथी पुनः येतच असतात, माणसांतही आणि गुरांतही. २०२२ साली गुरांमध्ये लंपी त्वचारोग पसरला, तेव्हा महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, याची आठवण अजून ताजी आहे.

गावपातळीवर काय घेता येईल

आपल्या गावात लाळेची प्रयोगशाळा उभी करावयाची नाही. चाचणी, औषधोपचार व निर्बंध यांचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांनी घ्यावयाचा आहे. परंतु साथीच्या वेळी गावातील कार्यकर्त्यांच्या हाती पुष्कळ काही असते. इलिनॉयच्या अनुभवातून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. साथीची पहिली बातमी येताच दाटीच्या जागांची यादी करावी. वसतिगृहे, कामगारांचे तळ, दूध संकलन केंद्रे, मोठे गोठे यांत किती माणसे किंवा जनावरे आहेत व ती कोठून आली, याची नोंद ठेवावी.

२. वेगळे राहण्याची जागा चाचणीच्या आधी तयार ठेवावी. २०२० साली मुंबई-पुण्याहून परतलेल्यांसाठी अनेक गावांनी शाळांच्या खोल्या उघडून दिल्या होत्या. तेथे पाणी, शौचालय, दिवा व अंथरूण यांची सोय आधी पाहावी. जागा नसता माणसाला बाधित ठरविणे म्हणजे त्याला केवळ भीती दाखविणे होय.

३. नमुना देणाऱ्याला निकाल केव्हा मिळेल, हे विचारून घ्यावे व निकाल येईपर्यंत त्याने घरीच राहावे असे समजावून सांगावे. निकाल आला की त्याच दिवशी, शक्य तर त्याच घटकेला, स्वतः जाऊन भेटावे. मात्र हे करताना अंतर व मुखपट्टी यांबाबतची आरोग्य खात्याची सूचना पाळावी.

४. वेगळे ठेवलेल्या माणसाचे काम अडू देऊ नये. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. चार म्हशींची धार कोण काढील, कांद्याला पाणी कोण देईल, दूध डेअरीवर कोण नेईल, या काळजीने शेतकरी आजार लपवितो. इलिनॉयच्या विद्यार्थ्याला मेजवानीचा मोह होता, आपल्या शेतकऱ्याला गोठ्याची ओढ असते. दोघांनाही नुसते ‘घरात बसा’ म्हणून भागत नाही. शेजाऱ्यांची, बचत गटाची किंवा तरुण मंडळाची पाळी लावून त्याच्या गुरांची व पिकाची व्यवस्था आधी लावावी, म्हणजे तो स्वतः होऊन चाचणीस पुढे येईल.

५. बाधिताचे नाव चव्हाट्यावर आणू नये. ज्याच्या घरावर लोक बोट दाखवितात, त्याच्या शेजारचा मनुष्य पुढच्या वेळी चाचणीस येत नाही आणि रोग गुप्तपणे वाढतो. लागण होणे हा गुन्हा नव्हे.

६. नवीन विकत आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधावे आणि गोठ्यात तापाचे किंवा चारा सोडल्याचे पहिले जनावर दिसताच दवाखान्यास कळवावे. लंपी त्वचारोगात अंगावर गाठी दिसण्यापूर्वी ताप येतो. गाठींची वाट पाहणे म्हणजे केवड्याच्या डागाची वाट पाहणे होय.

७. एकदा चाचणी निर्दोष आली म्हणजे कायमची मोकळीक मिळाली, असा समज होऊ देऊ नये. आरोग्य अधिकारी सांगतील तितक्या वेळा ती पुनः करून घ्यावी.

इलिनॉय विद्यापीठाजवळ शास्त्रज्ञ होते, यंत्रे होती, पैसाही होता. तरीही सत्राच्या पहिल्या दहा दिवसांत त्याचा हिशेब चुकला, तो माणसाच्या वागणुकीपाशी. पुढे तो सुधारला, तोही निकाल लागताच अर्ध्या तासात बाधितापर्यंत पोहोचणाऱ्या माणसांमुळे. यंत्राने रोग शोधला, परंतु त्याला अडविण्याचे काम वेळेवर केलेल्या विचारपुशीने झाले. हे दुसरे काम करण्यासाठी लागणारी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. साथीच्या पहिल्या वर्दीबरोबर त्यांनी एकत्र बसून पाळ्या ठरवून घ्याव्यात, म्हणजे रोग वेशीशी येईल तेव्हा गाव तयार असेल.